आंबे नसतात तेव्हा कोकणात काय तोडायचं?

पत्र

ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. गेल्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी कोकणातल्या एका बागेत गेलो होतो. ‘स्वतः तोडा, घरी न्या’ अशी जाहिरात होती. पोचेपर्यंत साडेबारा वाजले. मुलांनी हाताला येतील ते चिकू आणि पेरू ओढून काढले. मुलाने एक चिकू तिथेच चावला, ओठ चिकटले आणि तो रडायला लागला. निम्मी फळं कच्ची निघाली. मालक सगळ्यांसमोर बोलले, मला मान वर करवेना. सासरे ७४ वर्षांचे, मूळचे महाडकडचे. अठराव्या वर्षी गाव सोडून मुंबईला गिरणीत आले. ते सगळा वेळ गाडीतच बसून होते.

यंदा मुलं पुन्हा शेतावर जाऊया म्हणतायत. सासूबाई म्हणतात, आंबे मे महिन्यात, आता कोकणात काय ठेवलंय? नवरा म्हणतो, पैसे मोजून मजुरी कशाला करायची? जावं का? गेलो तर कुठे, कधी, आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून काय करायचं?
— एक आई, डोंबिवली

उत्तर

ताई, जा. पण यंदा फळबागेत नको, भाताच्या खाचरात जा. आणि जाताना सासऱ्यांना विचारून जा, नुसतं सोबत घेऊन नको.

आधी गेल्या वर्षीचं बोलते, कारण तुमच्या मनाला ते लागून राहिलंय. चूक मुलांची नव्हती. चिकू हे फळ पाहून कळतच नाही. आंबा रंग दाखवतो, पेरू वास देतो, चिकू मात्र कच्चा असो की तयार, बाहेरून तपकिरीच. बागवाला फळावर नखाने हलकंसं ओरखडतो. सालीखाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर ते फळ झाडावरच राहू द्यायचं. पिवळसर दिसलं, चीक जवळजवळ नाही, अंगावरची भुकटी हाताने पुसली जातेय, तर ते काढायचं. आणि तयार झालेला चिकूसुद्धा झाडावरून काढताना दगडासारखाच असतो. घरी नेऊन चार-पाच दिवस ठेवला की मऊ होतो. म्हणून चिकूच्या बागेत ‘तोडा आणि खा’ हे होऊच शकत नाही, आणि ही गोष्ट मुलांना फाटकातच सांगायची जबाबदारी बागेच्या मालकांची होती. ती त्यांनी पार पाडली नाही आणि वर तुम्हाला बोलले. तुम्ही ते ओझं घरी आणलंत, ते आता खाली ठेवा.

चिकूचा हट्ट असेलच तर थंडीत डहाणूकडे, बोर्डी-घोलवडला जा. तिथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. झाडाला कमी-जास्त फळ वर्षभर असतं, पण थंडीत खरा जोर. बागेतला माणूस बांबूला जाळी बांधलेल्या काठीने फळ कसं अलगद उतरवतो ते आधी मुलांना बघू द्या, मग त्यांच्या हातात काठी द्या.

आता सासूबाईंचा प्रश्न. आंबे नाहीत, काजू नाहीत, कोकम नाही हे त्यांचं खरंच आहे. पण अश्विन महिन्यात कोकण रिकामं असतं हे मात्र मला कबूल नाही. उलट आमच्याकडे घरात धान्य येतं ते याच दिवसांत. माझं सासर अलिबाग तालुक्यातलं. दसऱ्याच्या आसपास आमच्या खाचरांचा रंग बदलतो. हिरव्याचा पोपटी, पोपटीचा पिवळा, आणि सकाळी दव असताना अख्ख्या शेतातून एक गोडसर, ओल्या पेंढ्याचा वास येतो. मांडवावर पडवळ आणि काकडी असते. जून झालेली मोठी काकडी, म्हणजे तवसं, ते किसून तांदळाच्या रव्यात आणि गुळात घालून धोंडस करतात. सासूबाईंनी ते लहानपणी खाल्लं असेल तर नाव काढताच त्यांचा सूर बदलेल. नारळ तर बारा महिने. माडाखाली (बरोबर खाली नव्हे, जरा लांब) मुलांना उभं करून वर बघायला लावा. माडाला साधारण महिन्याला एक पेंड, म्हणजे नारळांचा घड, येतो आणि नारळ तयार व्हायला वर्ष लागतं. म्हणून एकाच झाडावर बोंडापासून शहाळ्यापर्यंत आणि शहाळ्यापासून तपकिरी नारळापर्यंत सगळी वयं एकदम दिसतात. मात्र नारळ पाडायचे ते पाडेलीने, म्हणजे माडावर चढणाऱ्या सरावाच्या माणसानेच. मुलांनी वर चढायचा विचारही करायचा नाही.

पण तुमच्या दोन मुलांना दिवसभर पुरेल असं काम भातातच आहे.

कधी जायचं, हे तुमच्या सुट्टीवर ठरवू नका. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्याला येते, कधी नोव्हेंबरच्या मध्याला. भाताला तुमची दिवाळी माहीत नसते. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येतं, निमगरवं त्यानंतर, आणि गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, नोव्हेंबरपर्यंत उभं असतं. म्हणून आधी फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: तुमचं भात हळवं की गरवं, आणि कापणी कोणत्या आठवड्यात? ज्याला याचं उत्तर लगेच देता आलं, त्याच्याकडे जा. ‘तुम्ही कधीही या, आम्ही सगळं करून देतो’ असं म्हणणाऱ्याकडे शेत दाखवण्यापुरतंच असण्याची शक्यता जास्त.

तारीख ठरली तरी ती पक्की नसते हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात, पण जाता जाता तो दुपारनंतर विजांसह झोडपतो. कापून पसरलेलं भात भिजलं तर दाण्याला मोड येतात. त्या दिवशी शेतकऱ्याने तुम्हाला ‘आज नको’ म्हणून फोन केला, तर तो वर्षभराचं धान्य वाचवायला धावतोय असं समजा. आगाऊ रक्कम दिली असेल तर पुढच्या शनिवारी धरायला सांगा, परत मागू नका.

कुठे, हेही विचारलंयत. तुम्हाला डोंबिवलीहून एका दिवसात जाऊन यायचंय, म्हणजे पनवेल, पेण, अलिबागचा पट्टा. पेणच्या खारपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीत, भात आहे, चौल-रेवदंड्याकडे वाड्यांना लागून खाचरं आहेत. मुंबईत राहणारी बहीण-भाऊ सोबत येणार असतील, तर त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट येता येतं, ती सोय २०२० पासून आहे. तुम्ही मात्र रस्त्यानेच या आणि पहाटे पाचला निघा. वडखळचा नाका उजाडायच्या आत मागे टाकला तर साडेसातला बांधावर पोचाल. मी हे आग्रहाने सांगते, कारण गेल्या वर्षी तुम्ही साडेबाराला पोचलात आणि सगळं तिथेच बिघडलं. ऑक्टोबरच्या उन्हात साडेबाराला शेतात कोणीच नसतं. कापणी सकाळची. अकरानंतर माणसं सावलीत येतात आणि मुलं चिडचिडी होतात. आदल्या संध्याकाळी येऊन राहणं जमलं तर त्याहून बरं.

राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी असलेल्या ठिकाणी विचारायला संकोच वाटत नाही, म्हणून ते बघा. त्यातही तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे कमोडचा संडास आहे का आणि शेताच्या कडेला सावलीत खुर्ची टाकायला जागा आहे का. ७४ वर्षांच्या माणसाला ‘मी गाडीतच बसतो’ म्हणायला बहुतेक वेळा हीच दोन कारणं असतात. तोंडाने ते दुसरंच काही सांगतात.

आता यजमानांच्या बोलण्याचं. पैसे मोजून मजुरी कशाला? त्यांना सांगा, तुम्ही तिथे मजुरी करत नाही. खरं सांगायचं तर कामात अडथळा आणता, आणि पैसे त्याचे असतात. मी हे रागाने म्हणत नाही, आमच्या खाचरात दहा वर्षं पाहुणे येतात आणि मला ते हवे असतात. पण बघा, पिकलेल्या भाताची लोंबी हिसका बसला की दाणे सांडते. सरावाच्या बाईचा विळा एका लयीत जातो, मूठ भरते, मागे टाकते, दाणा सांडत नाही. पाहुण्याच्या हातून तेवढ्याच ओळीत ओंजळभर दाणे खाली पडतात. शिवाय एक माणूस त्याच्याजवळ उभा ठेवावा लागतो, आणि कोकणात कापणीच्या दिवसांत माणूस मिळणं किती कठीण झालंय ते गावात कोणालाही विचारा. शेतकरी हे नुकसान आनंदाने सोसतो. त्याची भरपाई म्हणून जे ठरेल ते द्यायचं, आणि घासाघीस करायची नाही. जे तोडाल, खणाल, वेचाल त्याचा दर आधी विचारायचा आणि निघताना वजन करून सगळं घ्यायचं. वाकडी काकडीसुद्धा. मुलाने तोडली ना, मग ती तुमची.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका रविवारी चौदा जणांचं कुटुंब आमच्याकडे आलं होतं. माणसं चांगली, मुलं गुणी. जाताना शेवटच्या माणसाने वाडीचं बेडं, म्हणजे फाटक, लावलं नाही. अर्ध्या तासात शेजारची गुरं कापायच्या राहिलेल्या खाचरात शिरली आणि कोपरा तुडवून गेली. त्या कोपऱ्यात बियाण्यासाठी राखलेलं भात होतं. माझ्या सासूबाई तिथे बांधावर बसून राहिल्या, संध्याकाळी दिवा लावायलाही उठल्या नाहीत. ते कुटुंब मात्र काहीच न कळता हसत घरी गेलं असणार. म्हणून मुलाला सांगा, बेडं तुझ्या ताब्यात. येताना उघडायचं काम त्याचं, सगळे आत आले की लावायचं कामही त्याचंच. अकरा वर्षांच्या मुलाला खरी जबाबदारी दिली की तो वेगळाच वागतो.

विळा पाच वर्षांच्या मुलीच्या हातात अजिबात नाही. तिच्यासाठी याहून चांगलं काम आहे, सरवा वेचायचं. कापणीनंतर खाचरात ज्या लोंब्या गळून राहतात त्या सरवा, आणि त्या वेचणं हे पिढ्यान्पिढ्या मुलांचं काम. तिला एक छोटी टोपली द्या. धसकटं पायाला टोचतात, म्हणून बूट हवेतच, चप्पल नको. पायावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका, लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते. भाताची कूस, म्हणजे लोंबीवरचे बारीक काटेरी केस, अंगाला खाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट. आणि एक नियम दोघांनाही पाठ करून घ्या: कापून ठेवलेल्या कडपांखाली किंवा भाऱ्याखाली हात घालायचा नाही. तिथे उंदीर येतात, उंदरांमागे सापही येतो. उचलायचं ते शेतकऱ्याने, घ्यायचं ते त्याच्या हातून. दुपारनंतर ढग गडगडायला लागले तर उघड्या खाचरातून सरळ घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही.

तिची टोपली भरली की एक लोंबी तिच्या तळहातावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चोळायला सांगा. दाणे सुटतात. मग एक दाणा नखाने सोलायला लावा. वरचं टरफल निघतं आणि आतून तांदूळ येतो, पांढरा नव्हे, तपकिरी झाक असलेला. मुलं तिथे थबकतात. रोज ताटात बघितलेली वस्तू इथून येते हे त्यांना कोणी सांगून कळत नाही, त्या एका दाण्याने कळतं. माझ्या पुतणीने असे सतरा दाणे सोलून रुमालात बांधून ठेवले होते आणि रात्री आईला म्हणाली, माझा भात वेगळा शिजव. आईने वाटीत वेगळा शिजवला.

मुलाला विळा द्यायचा तो आजोबांनी. ताई, पत्रातल्या त्या एका वाक्यापाशी मी फार वेळ थांबले. महाडकडचा माणूस, अठरा वर्षं गावात वाढलेला, म्हणजे त्याने दहा-बारा तरी कापण्या केल्या असतील. तो माणूस ‘स्वतः तोडा’च्या बागेत तिकीट काढून कशासाठी उतरेल? त्यांना तिथे काही करायलाच नव्हतं. भाताच्या शेतात त्यांना काम आहे, आणि ते काम घरात दुसऱ्या कोणालाच येत नाही. शेतकऱ्याला फोनवर आधीच सांगून ठेवा की आमचे सासरे भातशेतीतले आहेत, नातवाला तेच शिकवतील. कोणताही शेतकरी अशा माणसाला मान देतो, पहिला विळा त्यांच्याच हातात ठेवतो. गुडघे वाकत नसतील तर खुर्चीवरून सांगू द्या: मूठ कशी धरायची, विळा स्वतःकडे कसा ओढायचा, बोटं पात्यापासून लांब, वरच्या बाजूला कशी ठेवायची. पेंढ्याला पीळ देऊन भारा बांधायचा तोही त्यांनीच दाखवायचा. झोडणी असेल तर फारच चांगलं. फळीवर लोंब्या आपटतात तेव्हा दाणे उडतात तो आवाज त्यांनी पन्नास-पंचावन्न वर्षांत ऐकला नसेल.

मग मापाला बसवा त्यांना. शेतकऱ्याकडे पायली असतेच. जुनी माणसं धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. तुमच्या सासऱ्यांच्या तोंडून ते आपोआप येईल, मुलं विचारतील का, आणि त्यापुढचं बोलणं त्यांचं ते करतील. दहा किलो भात भरडलं की साडेसहा किलोच्या आसपास तांदूळ होतो, हा हिशोब मुलाला तिथेच करायला लावा. दोन-चार किलो नवा तांदूळ त्याच शेतातून विकत घ्या. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, पहिल्यांदा मऊ पडला तर सासूबाईंना विचारा.

जेवणाचं थोडक्यात. जे घरात शिजतं तेच मागा, तांदळाची भाकरी, मांडवावरची भाजी, कुळथाचं पिठलं. पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, मात्र ऑक्टोबरमध्ये मागू नका. आमच्या रायगडातली पोपटी वालाच्या शेंगांची, आणि वाल पेरतात ते भात निघाल्यावर त्याच ओलीवर. शेंगा भरतात थंडीत. कोणी तुम्हाला आत्ता पोपटी देऊ केली तर शेंगा त्या शेतातल्या नाहीत एवढं समजा.

दिवाळीच्या आधी जात असाल तर कुंपणावर कारिटं शोधायला मुलांना सोडा. लहान, गोल, हिरवी-पिवळी, रानवेलीवर लटकलेली. नरकचतुर्दशीला अंघोळीनंतर तुळशीपाशी अंगठ्याखाली ‘गोविंदा गोविंदा’ म्हणत फोडतात ती हीच. डोंबिवलीच्या बाजारात पैसे देऊन घेतलेलं कारीट आणि स्वतः वेलीवरून काढलेलं कारीट यात मुलांना फार फरक वाटतो. तोंडात मात्र घालू देऊ नका, जहरासारखं कडू असतं. हात धुवायला लावा.

आणि निघण्यापूर्वी शेतकऱ्याकडून पाच-सात लोंब्या मागून घ्या. मागून, न विचारता नाही. कोजागरीला आमच्याकडे नवान्न पौर्णिमा म्हणतात, काही गावांत दसऱ्यालाच करतात. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, बांधावर उगवलेल्या कुर्डूचं फूल आणि झेंडू असं एकत्र बांधून दाराला लावतात. त्याला ‘नवं’ म्हणतात. तुमची तारीख त्यानंतरची असली तरी चालेल, शेतात लोंबी आहे तोवर नवं बांधता येतं. बांधायचं कसं ते मी लिहीत नाही. महाडकडे त्यांच्या घरी कसं बांधत होते ते सासऱ्यांना आज रात्रीच विचारा, त्यात काय काय घालत होते तेही. डोंबिवलीच्या दाराला तसंच बांधा. गॅलरीच्या बाजूला लावलंत तर चिमण्या येऊन दाणे टिपतील. टिपू द्या, दोरा आणि आंब्याची पानं पुढच्या दसऱ्यापर्यंत राहतात.